बंद म्हणजे बंद

डेपोत त्यांना सगळे 'वेळापत्रक' म्हणायचे. हे नाव कौतुकानं पडलं असा निवृत्तीच्या दिवसापर्यंत त्यांचा समज होता, आणि तो दूर करण्याची कुणाची छाती झाली नाही. एकतीस वर्षं बस चालवली, एकदाही उशिरा सोडली नाही. कुणी म्हातारं माणूस हात हलवत पळत येताना आरशात दिसलं, तरी घड्याळ झालं म्हणजे झालं. त्यावरून कुणी टोकलं तर ते उसळून विचारायचे, "आणि आत बसलेली चाळीस माणसं वेळेवर आली, त्यांचा काय गुन्हा?" आता याला काय उत्तर देणार? वेळापत्रकांशी वाद घालण्यात अडचण हीच होती, की ते बहुतेक वेळा बरोबर असायचे. चुकणारा माणूस भांडून निदान दमतो तरी. बरोबर असणाऱ्याचा राग पुरून उरतो.

त्यांना उगाच राग यायचा असं मात्र कुणी म्हणू नये. कारण लागायचं, फक्त ते रोज मिळायचं. फाटकासमोर तिरकी लावलेली मोटार. 'लिफ्ट बंद आहे' अशी पाटी तशीच ठेवून खुशाल लिफ्टनं वर-खाली करणारा सोसायटीचा सेक्रेटरी. दहाला उघडणारी आणि सव्वादहाला झाडू मारणारी दुकानं. बायको म्हणायची, "लोकांचा राग नाकावर असतो, यांचा नाकाच्या पुढं दोन पावलं चालतो."

पण एका रागाला आधार होता, आणि तो सांगितल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. नोकरीच्या सातव्या वर्षी डेपोत उभी असलेली एक बस पेटली. तिच्या ड्रायव्हरनं उतरताना बॅटरीचा मेन स्विच बंद केला नव्हता. कुठंतरी वायर घासली आणि ठिणगी पडली. मागच्या सीटवर एक सफाईवाला दुपारची डुलकी काढत होता. वेळापत्रकांनी वाळूच्या बादल्या ओतल्या, काच फोडली आणि त्याला खिडकीतून ओढून काढलं. माणूस वाचला, उजव्या हाताची तीन बोटं गेली. मग रीतसर चौकशी झाली आणि ठपका कुणावर आला? सफाईवाल्यावर! ड्युटीवर झोपला म्हणून त्याला काढून टाकलं. स्विच बंद न करणारा ड्रायव्हर कुणा साहेबाचा मेहुणा निघाला, त्याची नुसती बदली झाली. ज्याची बोटं गेली त्याचीच नोकरी गेली, आणि सही करणाऱ्या चारही साहेबांना त्या दिवशी जेवण गोड लागलं असणार.

तेव्हापासून वेळापत्रक सीटवरून उठले की पहिला हात सीटखाली, मेन स्विचवर. खटका पडलेला ऐकल्याशिवाय पाय जमिनीला लागायचा नाही. दुसऱ्या कुणाच्या बसचा स्विच चालू दिसला तर ते चढून बंद करायचे आणि त्या ड्रायव्हरला शोधून चारचौघांत सुनवायचे. "बंद म्हणजे बंद! अर्धं बंद असं जगात काही नसतं." नवे ड्रायव्हर त्यांची नक्कल करायचे, पण स्विच बंद करायचे. पुढच्या चोवीस वर्षांत त्या डेपोत एकही गाडी पेटली नाही. हेही सांगायला हवं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी भंगारात निघालेली एक मिनीबस घेतली आणि दोन वर्षं खपून तिचं मोटारहोम केलं. दोन बर्थ, घडीचं टेबल, बेसिन, दोन बर्नरचा गॅस, बायकोनं शिवलेले निळे पडदे. वायरिंगला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. ड्रायव्हरच्या सीटखाली लाल मुठीचा मेन स्विच आला, हे वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात दोघं फिरून यायची. थंडी पडली की गाडी घरासमोर उभी, कारण बायकोला दमा होता. एक रात्र गार हवेत काढली की तिची छाती सकाळी वाजायला लागायची.

त्या वर्षी मात्र ऐन थंडीतच निघायची वेळ आली. बायकोची थोरली बहीण, अक्का, दोन दिवसांच्या वाटेवर, डोंगरातल्या एका गावात एकटी राहायची. चाळीस वर्षं त्याच भाड्याच्या दोन खोल्यांत. उन्हाळ्यात पडली, खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली. आता वॉकर घेऊन घरातल्या घरात चालत होती. तिचा मुलगा तिकडच्याच एका शहरात अकराव्या मजल्यावर राहायचा. तो म्हणाला, हिवाळाभर आईला एकटं ठेवणार नाही. अक्का म्हणाली, "मी माझ्या घरातून हलणार नाही. माझी बहीण येईल सोबतीला." मग मुलानं मुदत घातली. दहा तारखेपर्यंत मावशी आली तर ठीक, नाही तर तो येऊन आईला नेणार आणि खोल्यांच्या किल्ल्या मालकाला परत देणार. मालक त्या खोल्यांवर डोळा ठेवूनच होता. एकदा सुटल्या की त्या पुन्हा मिळायच्या नाहीत, हे अक्कासकट सगळ्यांना ठाऊक होतं.

अडचण एकच होती. अक्काच्या घरात ऊब होती ती लाकडाच्या शेगडीची, आणि त्या धुरात बायकोला झोपणं शक्य नव्हतं. म्हणून ठरलं ते असं, की मोटारहोम अक्काच्या दारात लावायचं, दिवसभर तिच्यापाशी बसायचं आणि झोपायला गाडीत यायचं. त्यासाठी गाडीत डिझेलवर चालणारा हीटर हवा. डिझेल जळतं ते त्याच्या पोटात, पण धूर नळीनं बाहेर जातो आणि गाडीत येते ती नुसती गरम, स्वच्छ हवा. दहा तारखेला अजून पंचवीस दिवस होते. वेळापत्रकांनी कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल केला आणि म्हणाले, "पाचलाच पोचू."

ट्रकना आणि असल्या गाड्यांना हीटर बसवणारं एक वर्कशॉप शहराबाहेरच्या रस्त्यावर होतं. काचेच्या केबिनमध्ये मालक, आणि बाहेर काम करणारी एक पस्तिशीची फिटरबाई. डोक्याला रुमाल बांधलेला, खिशात टॉर्च. वेळापत्रकांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि केबिनमध्ये डोकं घालून विचारलं, "मोठा मिस्त्री कुठाय?"

"तीच मोठी," मालक म्हणाला.

वेळापत्रक दिवसभर हाताची घडी घालून तिच्या डोक्यावर उभे राहिले. तिनं बर्थखाली हीटर बसवला. धुराची नळी जमिनीतून खाली काढून दार-खिडक्यांपासून लांब, गाडीच्या कडेबाहेर नेली. हवा ओढणारी नळी दुसऱ्या अंगाला. टाकीतून डिझेलची वेगळी लाइन घेतली, पंप रबरात तिरका बसवला. सगळं हातासरशी, नेमकं. खोट काढायला जागा सापडेना, त्यामुळं वेळापत्रकांची चिडचिड आणखी वाढली. शेवटी सापडली.

"ही लाल वायर थेट बॅटरीला? मेन स्विचमधून नाही?"

"नाही काका. हीटरला थेटच द्यायची असते."

"का?"

तेवढ्यात मालकानं केबिनमधून हाक मारली, तिचा फोन आला होता. "तशीच पद्धत आहे काका, पुस्तकात आहे सगळं," असं म्हणून ती हात पुसत गेली. परत आल्यावर तिनं हीटर चालू करून दाखवला, बटण दाबून बंद करून दाखवला, सांगितलं, "बंद करताना हे बटण दाबायचं, बास. बाकीचं तो आपलं आपण करतो." आणि दुसऱ्या गाडीखाली गेली.

'तशीच पद्धत आहे!' या तीन शब्दांनी वेळापत्रकांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या बसचा ड्रायव्हरही चौकशीत हेच म्हणाला होता, सगळे असेच करतात म्हणून. घरी येऊन त्यांनी पुस्तक उघडलं. ते सात भाषांत होतं आणि त्या सातांतली एकही त्यांची नव्हती. हाही अपमानच. वस्तू विकता, मग माणसाला समजेल असं लिहायला हात मोडतात का? खरं तर इथं फोन उचलून एक प्रश्न विचारायचा होता, तोच पुन्हा, का म्हणून. पण प्रश्न विचारला की माणूस लहान होतो, असं मानणाऱ्यांतले वेळापत्रक. त्यांनी पाना घेतला, लाल वायर बॅटरीवरून सोडवली आणि मेन स्विचमधून फिरवून घेतली. तासाभराचं काम. हात धुताना बायकोला म्हणाले, "त्या बाईची चूक सुधारली."

त्यांच्या डेपोचा नियम होता, दुरुस्त झालेली गाडी तीन दिवस चाचणीत पास झाल्याशिवाय मार्गावर जायची नाही. चाचणी सुरू झाली. हीटर झकास पेटला. पंधरा मिनिटांत गाडीत अशी ऊब आली, की बायकोनं शाल काढून ठेवली आणि बर्थवर पाय पसरून म्हणाली, "अक्कालाच इथं झोपायला आणू."

वेळापत्रकांनी बटण दाबलं. दिवा गेला, पण हीटर घुंऽऽ करत राहिला. हे त्यांना कसं खपावं? बंद केलेली वस्तू चालते म्हणजे काय? त्यांचा हात सीटखाली गेला आणि खटका पडला. सगळं शांत झालं.

"तो अजून चालूच होता ना?" बायकोनं विचारलं.

"होता. आता नाही."

दिवसातून चार-पाच वेळा चालू, चार-पाच वेळा बंद. चौथ्या दिवशी निघायचं होतं. तिसऱ्या दिवशी हीटर खोकला, नळीतून पांढरा धूर सोडला आणि पेटेना. वेळापत्रकांनी तो स्वतः खोलून खोक्यात घातला आणि सिटी बसनं, वाटेत त्या ड्रायव्हरचे ब्रेक मारण्यावरून कान उपटत, वर्कशॉपात नेला. फिटरबाईनं उघडला तर आत काजळीच काजळी.

"काका, गाडी आणा ना. जागेवर बघते."

"गाडीत काही दोष नाही. गाडी मी केलीय."

"बंद करताना बटणानंच करताय ना?"

"मग काय दगड मारून?"

आता हे खोटंही नव्हतं. बटण ते दाबतच होते. तिनं काजळी साफ केली, पेटवणारा प्लग बदलला आणि हीटर परत दिला. तिकडं अक्काचा फोन आला, "कधी निघताय?" बायकोनं सांगितलं, हीटर बिघडलाय, शुक्रवारी निघू. अक्का म्हणाली, "बरं बरं, सावकाश या."

नियम म्हणजे नियम. चाचणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. या वेळी हीटरनं पाच दिवस कळ काढली, कारण पावसामुळं मधे दोन दिवस चाचणीच झाली नाही. मग जळका वास आला. खोलून नेला तर आतल्या पंख्याचं प्लॅस्टिक वितळून वाकडं झालेलं. फिटरबाई तो पंखा उलटसुलट करून बघत राहिली. "एवढा तापला कसा हा?"

"ते तुम्ही मला विचारता?" वेळापत्रकांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "तिकडं एक म्हातारी बाई घर धरून बसलीय आमच्या वाटेकडं डोळे लावून, आणि तुम्ही मलाच विचारता?"

मालक केबिनमधून बाहेर आला. गिऱ्हाईक ओरडलं की कुणावर तरी ओरडायचं, एवढं एकच शास्त्र त्याला येत होतं. त्यानं फिटरबाईला तिथल्या ट्रकवाल्यांसमोर झापलं, असली कामं जमत नसतील तर घरी बस म्हणाला, आणि नवा कोरा हीटर खोक्यासकट वेळापत्रकांच्या हातात दिला. वेळापत्रक निघताना ती फाटकापर्यंत येऊन म्हणाली, "काका, एकदा गाडी आणा. खरंच आणा."

त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. एका माणसाला न्याय मिळाला की तो दुसऱ्याच्या खिशातून काढलेला आहे का, हे बघायला कोण थांबतं? सफाईवाल्यासाठी इतकी वर्षं जळणारा हा माणूस त्या दिवशी समाधानानं घरी आला.

तारीख होती तीन. अक्काच्या फोनवर बायको म्हणाली, "नवीन हीटर दिलाय. सोमवारी नक्की." अक्का नुसतं "बरं" म्हणाली.

फोन ठेवून बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "अहो, खड्ड्यात गेला तो हीटर. चार रजया घेते, नाका-तोंडाला मफलर बांधते, उद्याच निघू. एकदा मी तिथं पोचले, की मुलगा काही तिला न्यायचा नाही. पुढचं पुढं."

"नापास गाडी डेपोबाहेर जात नाही."

"हा डेपो नाही हो!"

"आणि वाटेत तुझी छाती भरली तर? डोंगरात? रात्री दोन वाजता मी डॉक्टर कुठून आणू?"

त्यांचे डोळे हे म्हणताना खरोखर भ्यालेले होते, आणि बायकोनं ते पाहिलं. तिच्या दम्याच्या प्रत्येक रात्री हाच माणूस उशा रचून तिच्या पाठीशी बसून राहिलेला होता. तिनं रजया परत कपाटात ठेवल्या. पुन्हा तेच बरोबर ठरले.

नव्या हीटरची चाचणी लगेच सुरू झाली. दर वेळी बटण, आणि दर वेळी खटका. आठ तारखेच्या सकाळी, निघायला दोन तास असताना, नवा हीटरही गेला. बायको गाडीत सामान लावून, बूट घालून बसली होती. ती बूट न काढता तशीच घरात जाऊन पलंगावर बसली. वेळापत्रक खोकं घेऊन धावले. फिटरबाईनं या वेळी खोक्याला हातच लावला नाही. "गाडी आणल्याशिवाय मी हे उघडणार नाही," ती म्हणाली. "एकामागून एक दोन हीटर एकाच गाडीत जळत नाहीत काका."

चोराच्या उलट्या बोंबा! काम यांचं फसलं आणि संशय माझ्या गाडीवर! वेळापत्रक खोकं उचलून तडक घरी आले, आणि दोन दिवस त्यांनी जगातल्या यच्चयावत कारागिरांचा उद्धार केला. त्या दोन दिवसांत गाडी वर्कशॉपात नेऊन आणायला फार तर दोन तास लागले असते.

दहा तारीख गेली. अकराला सकाळी अक्काचा फोन आला, मुलाच्या घरून. "पोचले," ती म्हणाली. "इथं गरम आहे. खिडकी उघडत नाही, पण गरम आहे." किल्ल्या काल संध्याकाळी मालकाला दिल्या. शेजारणीनं मागितली म्हणून शेगडी तिला दिली. एवढंच बोलून अक्कानं फोन ठेवला. बायकोनं बाहेर जाऊन मोटारहोमचे निळे पडदे एकेक करून काढले आणि घडी करून घरात आणले.

वेळापत्रकांना ते पडदे बघवेनात. माणसाला वाईट वाटलं की कुणी रडतं, कुणी गप्प बसतं. यांना राग यायचा. त्यांनी टेबलाशी बसून एक पत्र लिहिलं. पत्र अक्काला, पण लिहिलेलं वर्कशॉपच्या मालकाच्या नावानं. खाली त्याच्या सहीला जागा सोडलेली. उद्या जायचं, गाडी घेऊनच जायचं, सगळ्यांसमोर त्याची सही घ्यायची आणि पत्र अक्काला पाठवायचं. निदान चूक कुणाची ते तरी कागदावर येऊ दे. त्या सफाईवाल्याच्या वेळी आलं नव्हतं.

"मीही येते," बायको म्हणाली.

वर्कशॉपात त्या दिवशी गर्दी होती. दोन-तीन ट्रकवाले, मालक, आणि कोपऱ्यात धडधडणारा हवेचा कॉम्प्रेसर. वेळापत्रकांनी गाडी थेट मधोमध आणून लावली, खाली उतरले आणि बोलायला लागले. म्हातारीचं घर गेलं. चाळीस वर्षांचं घर! तुमच्या एका फालतू हीटरपायी! माणसं विश्वासानं येतात आणि तुम्ही 'पद्धत आहे' म्हणून त्यांना वाटेला लावता! ट्रकवाले माना डोलवायला लागले. मालकानं सवयीनं फिटरबाईकडं डोळे वटारले.

फिटरबाई पुढं झाली. खिशातली टॉर्च काढली, गाडीत चढली, बर्थखाली वाकली आणि लाल वायरीच्या मागोमाग सरकत सरकत ड्रायव्हरच्या सीटपर्यंत आली. तिथं थांबली.

"काका, ही मी थेट बॅटरीला दिली होती."

"दिली होतीत. चूक होती, मी सुधारली."

"तुम्ही हीटर रोज कसा बंद करता, एकदा करून दाखवता?"

एवढंच ना? वेळापत्रक ताठ मानेनं चढले. हीटर मेलेलाच होता, तरी त्यांनी सगळं रीतसर केलं. बटण दाबलं, उठले, सीटखाली हात घातला. खटका पडला. "हे असं," ते दारातल्या लोकांकडं बघून म्हणाले. "बंद म्हणजे बंद. एकतीस वर्षं."

फिटरबाईनं हळू आवाजात, त्यांच्यापुरतंच विचारलं, "काका, लांबचा घाट चढून वर आलात, इंजिन लाल झालंय. थांबल्या थांबल्या बंद करायचात का?"

"वेडबिड लागलंय का? दोन-तीन मिनिटं तसंच चालू ठेवायचं. निवू द्यायचं. मी स्वतः नव्या पोरांना..." आणि ते तिथंच थांबले.

"हाही तेच करतो," ती म्हणाली. "बटण दाबलं की आग विझते, पण आतलं लोखंड तापलेलंच असतं. मग तीन-चार मिनिटं पंखा फिरतो, ते निववायला आणि राहिलेला धूर बाहेर ढकलायला. तुम्ही पंखाच बंद करत होता. रोज, पाच-पाच वेळा. म्हणून थेट बॅटरी."

"मग हे त्या दिवशी सांगितलं का नाही?" वेळापत्रक ओरडले, पण आवाजात जोर नव्हता.

"सांगायला हवं होतं. तुम्ही विचारलंत, तेवढ्यात फोन आला आणि राहून गेलं. ती चूक माझी." तिनं टॉर्च बंद केली. "पण तीनदा म्हटलं काका, गाडी आणा."

एक ट्रकवाला फिसकन हसला. वेळापत्रकांनी इकडंतिकडं पाहिलं. मालक, पुस्तक, पाऊस, अक्काचा मुलगा, खोल्यांचा मालक... रागवायला कुणीतरी हवं होतं आणि कुणी पुरेसं पडेना.

तेव्हा बायको गाडीतून उतरली. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि चारचौघांत ती त्यांना कधी उलटून बोलली नव्हती.

"मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तो अजून चालू आहे ना म्हणून," ती म्हणाली. तिला धाप लागत होती, पण ती थांबली नाही. "ही पोर तीनदा म्हणाली, गाडी आणा. मी म्हटलं, चार रजया घेऊन निघू. सगळ्यांना नाही म्हणालात. सगळं जग नापास आणि तुम्ही एकटे पास! हिला, आपल्या पोरीसारख्या बाईला, लोकांसमोर बोलणी खायला लावलीत आणि घरी येऊन चहा मागितलात. कुणा सफाईवाल्याची नोकरी गेली म्हणून जन्मभर जळलात ना? मग हे काय केलंत?"

कुणी हसलं नाही.

"पत्र काढा," बायको म्हणाली.

"कुठलं?"

"शर्टाच्या खिशातलं. मी अक्काला फोन लावते. वाचा."

"अगं, ते मालकांच्या सहीसाठी..."

"अक्षर तुमचंच आहे. एक शब्द गाळू नका. 'आम्ही' असेल तिथं 'मी' म्हणा."

तिनं फोन लावून त्यांच्या हातात दिला. फिटरबाईनं जाऊन कॉम्प्रेसर बंद केला, कारण त्या धडधडीत पलीकडं काही ऐकू गेलं नसतं. वेळापत्रकांनी चष्मा लावला. त्यांनी कागद गाडीच्या पत्र्याला टेकवून धरला आणि वाचायला सुरुवात केली.

"आदरणीय अक्का यांस. आपली बहीण ठरलेल्या दिवशी आपल्याकडं पोचू शकली नाही, याला एकमेव कारण आम... माझं निष्काळजी काम. हे काम अशा माणसाच्या हाती पडलं, की ज्याला त्यातलं काही कळत नाही, आणि आपल्याला कळत नाही हेही कळत नाही." इथं त्यांनी मान वर केली. बायको त्यांच्याकडंच बघत होती. "विचारणाऱ्याला धड उत्तर देण्याऐवजी त्यानं उर्मटपणा केला. पुन्हा पुन्हा चूक करूनही त्यानं एकदा स्वतःकडं पाहिलं नाही. आपलं चाळीस वर्षांचं घर गेलं, ते या एका माणसामुळं गेलं. याची... मला लाज वाटते."

वेळापत्रकांनी चष्मा काढला. "अक्का? ऐकताय ना? हीटर चांगला होता. मीच बिघडवत होतो."

"म्हणजे हीटर खरंच बिघडला होता?" अक्कानं विचारलं.

"हो. तीनदा."

"मला काय वाटलं भाऊजी," अक्का म्हणाली, "तुम्हाला यायचं नाही, आणि तसं तोंडावर कसं सांगायचं, म्हणून हीटरचं निमित्त करताय. दर वेळी तेच ऐकायचे ना. मग म्हटलं, उगाच कुणाला कशाला भीड घालायची? मुलगा आणखी आठवडाभर थांबायला तयार होता हो. मीच म्हटलं त्याला, ने मला."